अकरा घागरी

आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला बुरशी येते ती माझ्यामुळे, असं तातेराव कारभाऱ्यांचं ठाम मत होतं. त्या मताचा मला तेव्हा इतका राग यायचा की लांबून त्यांचं पागोटं दिसलं तरी डोकं तापायचं. पुढे त्यांचं म्हणणं खरं निघालं. कारण मात्र त्यांनी सांगितलेल्यांपैकी एकही नव्हतं.

साल एकेचाळीस. वसमतला महादेवाच्या देवळाला लागून देवळाच्या संस्थानच्या आठ खोल्या होत्या. कुणा जमीनदाराने आईच्या नावाने गरजू बिऱ्हाडांसाठी त्या बांधून दिल्या होत्या. भाडं नावापुरतं, त्यामुळे एकेका खोलीवर दहा जणांचा डोळा. आमचे हे, विश्वंभर, तहसील कचेरीत कागदांच्या नकला करायचे. गावात दुसरीकडे जागा घ्यायची आमची ऐपत नव्हती, म्हणून चार नंबरची खोली मिळाली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती.

खोलीला पुढे एक दार आणि दाराशेजारी खिडकी. मागची भिंत आंधळी. तिच्यापलीकडे जेमतेम माणूस मावेल एवढा बोळ होता आणि त्या बोळातून तीर्थाचा पाट जायचा. पिंडीवर घातलेलं पाणी गोमुखातून बाहेर पडे, देवळाच्या अंगणातून बोळात शिरे आणि आठही खोल्यांच्या पाठीमागून पलीकडच्या फुलबागेत जाई. निदान जायला हवं होतं. महादेवाच्या तीर्थाचा पाट ओलांडू नये, हे आपल्याकडे लेकराला चालायला शिकवतानाच शिकवतात. प्रदक्षिणासुद्धा पाटापर्यंत जायची आणि तिथून उलटं फिरायचं. त्या बोळात तर पाऊल टाकलं की ते पाटातच. म्हणून खोल्या बांधल्यापासून तिकडे कुणीही गेलेलं नव्हतं. बिऱ्हाडांनी खरकटं टाकून तीर्थ बाटवू नये म्हणून तिकडे खिडकीही ठेवलेली नव्हती.

पहिल्याच वर्षी भिंतीवर पिवळा डाग उमटला. दुसऱ्या वर्षी त्यावर काळे ठिपके आले, कुणी मूठभर तीळ फेकल्यासारखे. मग गोधडीच्या घडीत हिरवा बुरा धरायला लागला, चुन्याचे पोपडे अंथरुणावर पडायला लागले आणि सगळ्या खोलीला नासक्या दुधासारखा आंबूस वास भरला. मी नारळाच्या करवंटीने भिंत खरवडायची, राखेने घासायची. चार दिवसांत बुरशी पुन्हा हजर. सवत पत्करली, पण ही नको, असं मी गोजरबाईला म्हणायची.

गोजरबाई पाच नंबरमध्ये राहायची. नवरा गेलेला, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. तिच्याही भिंतीला ओल होती, पण थोडी. ती म्हणे, "माय, धर्माच्या गाईचे दात मोजू न्हाईत. बोललो तर खोली जाईल."

"आपण भाडं देतो गोजरबाई," मी म्हणायची. "मग ती धर्माची कशी?"

"तुमी शिकल्यासवरल्या. तुमी बोला. मी मागं हाय."

मागे म्हणजे किती मागे, ते तातेराव आले की कळायचं. गोजरबाईच्या दाराला कडी लागलेली असायची.

तातेराव संस्थानचे कारभारी, भाड्यासाठी दर महिन्याला येत. ओट्यावर बसत आणि यांच्याशी बोलत. मी दाराआड. परक्या पुरुषाशी थेट बोलायची रीत नव्हती.

"विश्वंभरराव, चूल कुठं पेटती तुमची?"

"खोलीतच. दुसरी जागा कुठंय?"

"मंग वाफ भितीलाच बसणार. वल्ली लुगडी कुठं वाळवता?"

"पावसाळ्यात आतच."

"ते बगा. आन सारवणबी लई पातळ करून राहिल्या वहिनी. वल खोलीत नसती, विश्वंभरराव. वल राहणाऱ्याच्या सवयीत असती. फुलबागबी वाळून राहिली. तीबी तुमच्या बिऱ्हाडातल्या बकऱ्यांनी खाल्ली."

हे मान खाली घालून ऐकत. मला ते सहन व्हायचं नाही. मी दाराआडून म्हटलं, "अहो, कारभाऱ्यांना विचारा, भिंतीला दुधाचा वास काहून येतो? आपल्या घरी चहापुरतं दूध येतं. ते आपण भिंतीला पाजतो काय?"

तातेरावांना ते स्वच्छ ऐकू गेलं. त्यांनी छत्री उचलली आणि पाच नंबरच्या बंद दाराकडे बघत ते निघून गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

एवढ्यावर असतं तर मी आयुष्यभर भिंत खरवडत बसले असते. पण माझी सरला त्या भिंतीलगत झोपायची. दहा बाय दहाच्या खोलीत पुढे चूल, मधे आम्ही आणि मागे लेकरू. अडीच वर्षांची झाली तेव्हा तिचा श्वास वाजायला लागला. आधी पावसाळ्यात, मग बारा महिने. छातीत पिपाणी वाजावी तसा आवाज यायचा. ती बसून राहायची, गुडघ्यावर हात ठेवून, म्हातारीसारखी, आणि माझ्याकडे बघायची. ते बघणं मला अजून आठवतं.

वैद्यबुवांनी तिची नाडी बघितली, खोली बघितली आणि म्हणाले, "औषध मी देतो. पण भिंत बदलून देणं माझ्या हाती न्हाई. या खोलीत ही पोरगी पुढचा हिवाळा काढणार न्हाई. तिला कोरड्या घरात ठेवा."

कोरडं घर एकच होतं, हट्टा गावी, माझ्या भावाचं. बंडूला मूलबाळ नव्हतं. त्याची बायको स्वभावाने लोण्यासारखी, घरी म्हैस, अंगणभर ऊन. त्याने आनंदाने सांगितलं, "ताई, भाऊबीजेला गाडी घेऊन येतो. सरलाला घेऊन जातो." सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. मलाच तेवढं वाटलं नाही. साडेतीन वर्षांचं लेकरू मामाकडे ठेवलं की वर्षभरात मामीला आई म्हणायला लागतं, आणि मग कुणाच्या तोंडाने परत मागायचं?

श्रावणात मी सोळा सोमवारांचा नवस बोलले. दर सोमवारी महादेवाला अकरा घागरी पाण्याचा अभिषेक, वर वाटीभर दूध. लेकीचा श्वास मोकळा होऊ दे, ती माझ्यापाशी राहू दे. घरच्या चहाचं दूध बंद केलं, पण वाटी चुकवली नाही. बारवेच्या पायऱ्या अकरा वेळा उतरायच्या, अकरा वेळा चढायच्या. गुरव म्हणे, "बाई, देवाला सर्दी होईल." मी हसायची नाही.

शिवामुठीचंही ते माझं पाचवं, शेवटचं वर्ष होतं. तिसऱ्या सोमवारी मुगाची मूठ वाहिली. त्यानंतर चार दिवसांनी करवंटी घेऊन भिंत खरवडायला बसले, तर जमिनीपासून वीतभर उंचीवर, चिरेतून, दोन हिरवे कोंब बाहेर आलेले. मुगाचे. गोजरबाई धावत आली, तिने भिंतीला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "कालिंदीबाई, देव पावला. तुमच्या भितीत उगवला." यांचं म्हणणं पडलं, उंदराने नेले असतील. मला गोजरबाईचं खरं वाटलं, कारण मला ते हवं होतं. मी ते कोंब खरवडले नाहीत. रोज हात जोडायची.

देव पावलेला असा, की सरला दर मंगळवारी जास्त आजारी पडायला लागली.

आधी लक्षात आलं नाही. भर पावसाळा, सगळंच ओलं. पण दसरा आला, पाऊस गेला, रस्त्यावर धूळ उडायला लागली, आणि माझी भिंत घामाघूम. दसऱ्याच्या आधी तातेरावांनी आठही खोल्यांना चुना मारून घेतला होता. आठ दिवसांत त्या पांढऱ्यातून काळे तीळ वर आले. दहाव्या सोमवारनंतरचा मंगळवार. सरला गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. तिच्यासाठी मऊ खिचडी करायची म्हणून मी सुपात मूग निवडत होते. बोटांत एक मूग धरला आणि तशीच थांबले.

हा मूग मी पिंडीवर वाहिला होता. तो माझ्या भिंतीत उंदराने आणला नव्हता. पिंडीवरून तो एकाच वाटेने जाऊ शकत होता. माझ्या घागरींच्या पाण्याबरोबर, गोमुखातून, पाटातून. आणि नासक्या दुधाचा वास? रोज कुणी ना कुणी पिंडीवर दूध घालतच होतं, आणि आता त्यात माझीही वाटी होती.

सूप माझ्या हातातून खाली पडलं. मी अकरा घागरी देवाला घालत होते आणि त्या माझ्याच लेकीच्या उशाशी येत होत्या. जितका नवस तितकी ओल. मी तिच्यासाठी पाणी वाहत होते की तिच्यावर? मी तिथे मुगात बसून खूप रडले, आणि सरला मला वारा घालत होती.

रडून झाल्यावर राग आला. तो माझा जुना सोबती, कामाचा आहे. यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, कारभारी काय ऐकतील? म्हणतील, आता देवाच्या तीर्थावर आळ घेऊन राहिली ही. आणि त्या बोळात जाऊन बघणार कोण?"

ते बरोबर होतं. बघायला कुणी जाणार नव्हतं. मग बघायचं ते पाण्यालाच दाखवायला लावायचं, असं मी ठरवलं.

गोजरबाईचं माहेर कुरुंद्याचं. तिच्याकडे घरची हळद डबाभर असायची. मी तिच्याकडून दोन ओंजळी मागून घेतली. अकराव्या सोमवारी दहा घागरी पिंडीवर घातल्या. अकराव्या घागरीत पाण्यात कालवलेली हळद ओतली. आता महादेवाला हळद वाहत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तो वैरागी देव, त्याला हळदीकुंकवाचं काय. म्हणून ती घागर मी गाभाऱ्यात नेलीच नाही. बाहेर आले आणि गोमुखाखाली, पाटाच्या तोंडाशी रिकामी केली. पिवळंधमक पाणी बोळात शिरलं. मी म्हटलं, देवा, तुझ्यावर नाही घातली, रागावू नकोस.

मंगळवारी सकाळी उठले आणि भिंतीकडे बघितलं. पिवळा डाग दिसेल असं मला वाटलं होतं. भिंत लाल झाली होती.

जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, चिरेच्या दोन्ही बाजूंनी, कुंकू फासल्यासारखी लाल. गोजरबाई दारातून डोकावली आणि मटकन खाली बसली. "माय, भितीतून रगत आलं. तुमी देवाला काय केलं?" बाकीची बिऱ्हाडं दाराशी जमली. कुणी आत येईना.

मग मला हसू फुटलं. हळद आणि चुना. लहानपणी आई घरी कुंकू करायची ते हळदीत चुन्याची निवळी घालूनच. तातेरावांनी मारलेला चुना आणि गोजरबाईची हळद, दोघांनी मिळून माझ्या भिंतीला कुंकू लावलं होतं.

"गोजरबाई, उठा," मी म्हटलं. "तुमची हळद आहे ती. काल मी देवळाच्या पाटात टाकली, आज घरात आली. कारभाऱ्यांना बोलवायला पाठवा कुणाला तरी."

तातेराव आले ते रागातच. वाटेत त्यांना रक्ताची बातमी मिळाली होती. या वेळी मी दाराआड गेले नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि उंबऱ्यात उभी राहिले.

"कारभारी," मी म्हटलं, "चूल काल दिवसभर पेटवली नाही. सोमवारचा उपास होता. लुगडी बाहेर वाळतायत. सारवण चार दिवसांत केलेलं नाही. काल गोमुखापाशी मी हळदीचं पाणी ओतलं. आता भिंत बघा आणि सांगा, ही ओल कुणाच्या सवयीतली आहे?"

त्यांनी जोडे काढले, आत आले. खाली वाकून बोट भिंतीला लावलं, नाकाशी नेलं. मग सरलाकडे बघितलं. ती कोपऱ्यात बसून श्वास ओढत होती, तो आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. या आधी ते कधी उंबऱ्याच्या आत आलेच नव्हते.

"हिला किती दिवसांपासून असं हाय?"

"दुसरं वर्ष चालू आहे."

ते बाहेर गेले. मला वाटलं, गेले ते गेले. पण तासाभरात दगडोबा गवंड्याला घेऊन परत आले. मागून त्यांच्या शेतातली गाडी, गवताच्या पेंढ्यांनी भरलेली. दगडोबा बोळाच्या तोंडाशी थांबला आणि हात जोडून म्हणाला, "मालक, जीव घ्या, पन मी तीर्थात पाय न्हाई ठेवायचो. लेकराबाळाचा बाप हाय मी."

"तीर्थात कोन ठेव म्हनतंय?" तातेराव म्हणाले. "माजा बाप सांगायचा, पाट गवतानं झाकला तर वलांडायला दोष न्हाई. झाक बराबर."

दगडोबाने गवत अंथरलं, पण पाय उचलेना. तेव्हा तातेरावांनी पागोटं काढून यांच्या हातात दिलं, धोतर खोचलं आणि स्वतःच आत शिरले. अंग भारी, बोळ अरुंद. तीन नंबरच्या मागे ते अडकले. पुढे होईना, मागे येईना. आठही बिऱ्हाडं तोंडाला पदर लावून उभी. शेवटी दगडोबालाच गवतावरून जाऊन त्यांना पुढे ढकलावं लागलं आणि अशा रीतीने त्याचंही पाऊल पडलं.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत काळा चिखल होता. नीट बघितलं तर तो चिखल नव्हता. बेल, फुलं, तांदूळ, वर्षानुवर्षांचं निर्माल्य कुजून त्याचा गोळा झाला होता. माझ्या खोलीच्या बरोबर मागे पाटाचा एक दगड खचला होता, त्याला निर्माल्य अडकलं होतं आणि पाटाचं तोंड बंद झालं होतं. पुढे फुलबागेत थेंब जात नव्हता. सगळं तीर्थ तिथेच थांबायचं आणि माझ्या भिंतीच्या पायात उतरायचं.

"वीस साल रोज प्रदक्षिणा घालून राहिलो," तातेराव म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते की देवाशी, कळलं नाही. "पाटापोतर जायाचं आन माघारी फिरायचं. अर्धंच देऊळ बगितलं मी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमच्या राहणीत खोट नव्हती. मी उगंच बोललो. आन बकऱ्यांनीबी फुलबाग खाल्ली नव्हती."

मी किती दिवस मनात उत्तरं रचून ठेवली होती. पण एवढंच म्हटलं, "आधी हात धुवा, कारभारी."

आठ दिवस काम चाललं. दगडोबाने पाट साफ केला, निर्माल्य टोपल्यांतून नदीला नेऊन सोडलं, खचलेला दगड बसवला, सांधे चुन्याने भरले आणि वरून फरशा टाकून पाट कायमचा झाकून घेतला. झाकल्यावर कुणाचं खरकटं तीर्थात पडायची भीती उरली नाही, तेव्हा तातेरावांनी आठही खोल्यांच्या मागच्या भिंतीला वर एकेक झरोका पाडायला सांगितलं. माझ्या भिंतीचा गिलावा हातभर उंचीपर्यंत खरवडून काढला. मी दिवसभर तिच्याजवळ शेगडी ठेवायची आणि झरोक्यातून वारा आत येताना ऐकायची. त्या खोलीत वारा मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बारावा सोमवार कामाच्या मधेच आला. पाणी घालायची सोय नव्हती. गुरव म्हणाला, "बाई, एक बेल आन एक थेंब. देव समजून घेतो." घेतलं समजून. तेरावा सोमवार लक्ष्मीपूजनाचा. त्या दिवशी मी पुन्हा पुऱ्या अकरा घागरी घातल्या. नवस पुरा करत होते आणि दगडोबाच्या कामाची परीक्षाही घेत होते. आणि परवा भाऊबीज होती.

मंगळवारी सकाळी भिंतीला हात लावला. गार होती, पण ओली नव्हती. माझा विश्वास बसेना. हाताला काय, हवं तेच जाणवतं. म्हणून मी उडदाचा एक भाजलेला पापड भिंतीच्या कोनाड्यात उभा करून ठेवला. त्या कोनाड्यात आजवर ठेवलेला कुठलाही पापड तासाभरात चिंधीसारखा लोळायचा. उद्या सकाळी तो वाकला तर सरला हट्ट्याला जाईल. मोडला तर राहील. यांना मी सांगितलं नाही. माझा आणि भिंतीचा तो करार होता.

भाऊबीजेला बंडू सकाळीच पोचला. गाडीत त्याने कडबा पसरून त्यावर नवी गोधडी घातली होती. मामीने शिवलेलं परकर-पोलकं, लाकडी बैल, सगळं तयार. सरला नवं पोलकं घालून नाचली आणि मला तिच्या नाचण्याचाही राग आला. मी पाट मांडला, तबक घेतलं, बंडूला ओवाळलं. पण कोनाड्याकडे जायला पाय उचलेना.

"ताई, ताट वाढ लवकर," बंडू म्हणाला. "उन्हं चढायच्या आधी निघतो म्हणजे पोरीला तकलीफ होणार न्हाई."

तेवढ्यात सरला कोनाड्यापाशी चवड्यावर उभी राहिली. मी "थांब" म्हणेपर्यंत तिने पापड ओढला आणि तोंडात घातला.

कडकन आवाज झाला.

ती खात होती आणि तिच्या तोंडात पापड कुरकुरत होता. मी तबक खाली ठेवलं. लक्षात आलं की मी केवळ पापडाचाच आवाज ऐकते आहे. सकाळपासून ती नाचत होती, उड्या मारत होती आणि तिच्या छातीतली पिपाणी एकदाही वाजली नव्हती. भिंत पुरती वाळायला पुढे मार्गशीर्ष उजाडला, सरलाच्या छातीला आणखी एक वर्ष लागलं. पण लेक आता वाचेल, हे मला त्या सकाळी कळून चुकलं.

"बंडू," मी म्हटलं, "सरला येत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, उठून तिला हात लावला. त्याचा चेहरा पडला, हे मी नाकारत नाही. त्याच्या बायकोने घरी कुणासाठी काय काय करून ठेवलं असेल, ते मला दिसत होतं. पण माझा भाऊ मोठ्या मनाचा. तो म्हणाला, "मग मी बैलं काहून शिणवली?" आणि सरलाला उचलून त्याने तिच्या हातातला उरलेला पापड खाल्ला.

दुपारी जेवून तो निघाला. पोलकं आणि लाकडी बैल सरलाकडेच राहिले. मी वेशीपर्यंत त्याच्या गाडीमागे गेले. गाडीतला कडबा तसाच पसरलेला, त्यावर गोधडी, गोधडीवर कुणी नाही. गाडी हट्ट्याच्या रस्त्याला लागली आणि मला एकाएकी रडू कोसळलं. दोन वर्षांचं साठलेलं, रस्त्यात उभं राहून, लोकांदेखत.

तातेराव तिकडून येत होते. ते थांबले, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, काय झालं? काहून रडून राहिल्या?"

"गाडी रिकामी गेली," मी म्हटलं.